दिवसाचा मुक्काम: कोयना-चांदोलीभोवतीची वटवाघळं

१९७२ सालच्या वन्यजीव संरक्षण कायद्यात वटवाघळं दोन टोकांना होती. पाचवी अनुसूची म्हणजे उपद्रवी प्राण्यांची यादी. तिथे कावळा, उंदीर, घूस यांच्या पंगतीला फळं खाणारी वटवाघळं बसवलेली होती आणि त्यांना मारायला कुणाची परवानगी लागत नव्हती. त्याच कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत, वाघाच्या बरोबरीनं, पुढे दोन वटवाघळांना जागा मिळाली. एक दक्षिणेतलं, सालिम अलींचं नाव लाभलेलं फळवाघूळ आणि दुसरं रॉटनचं मुक्तपुच्छ वटवाघूळ. उपद्रवींची ती यादी २०२२ च्या दुरुस्तीनं काढून टाकली आणि १ एप्रिल २०२३ पासून तो बदल लागू झाला. कायद्याला हे करायला पन्नास वर्षं लागली. लोकांच्या मनातली यादी मात्र अजून तशीच आहे, आणि ही प्रस्तावना लिहिण्याचं पहिलं कारण तेच.

दुसरं कारण रॉटनच्या वटवाघळाच्या कथेत आहे. ती कथा आपल्या शेजारच्याच मुलखातली आहे. बेळगाव जिल्ह्यातल्या खानापूर तालुक्यात, तळेवाडीजवळच्या रानात बारापेडे नावाची गुहा आहे. बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीनं १९११ मध्ये देशभरातल्या सस्तन प्राण्यांचं सर्वेक्षण हाती घेतलं, त्यात १९१२ साली या गुहेत एक वेगळंच वटवाघूळ सापडलं. मोठे कान चेहऱ्यावर पुढे झुकलेले, शेपूट पंखाच्या पडद्याबाहेर मोकळं. पुढच्या वर्षी लंडनमध्ये ओल्डफिल्ड थॉमस यांनी त्याचं शास्त्रीय वर्णन केलं आणि या सर्वेक्षणासाठी झटणाऱ्या रॉटन या वनाधिकाऱ्याचं नाव त्याला दिलं. त्यानंतर कित्येक दशकं ही जात जगात फक्त त्या एका गुहेपुरती माहीत होती. मेघालयातून आणि कंबोडियातून तिच्या नोंदी आल्या त्या अगदी अलीकडच्या पंचवीस-तीस वर्षांत. बारापेडेचा परिसर २०११ मध्ये भीमगड अभयारण्यात आला.

या हकिकतीतून मला एकच गोष्ट पुढे न्यायची आहे. ते वटवाघूळ आपल्याला ठाऊक झालं आणि टिकलं, ते त्याच्या दिवसाच्या मुक्कामाची जागा ठाऊक होती म्हणून. वाघाचं रान राखलं की वाघ राहतो. वटवाघळाचं तसं नाही. त्याची रात्र रानात आणि शिवारात जाते, पण त्याचा दिवस जिथे जातो ती जागा बहुधा खोलीएवढी, कधी एखाद्या भेगेएवढी असते. तिथेच ते झोपतं, जोडी जमवतं, पिलाला जन्म देतं, पावसाळा काढतं. ती जागा गेली तर भोवतालचं सगळं रान शाबूत असूनही वटवाघूळ जातं. म्हणून पुढच्या पानांत जातींच्या यादीइतकंच, किंबहुना तिच्याहून जास्त, महत्त्व या जागांना दिलेलं आहे.

आता आपला मुलूख पाहू. सातारा आणि सांगली जिल्ह्यांच्या पश्चिम कडेला सह्याद्री व्याघ्र प्रकल्प आहे. कोयना अभयारण्य आणि चांदोली राष्ट्रीय उद्यान एकत्र करून तो २०१० मध्ये घोषित झाला. दोन्ही ठिकाणं १९८५ पासून अभयारण्यं होती. चांदोलीला २००४ मध्ये राष्ट्रीय उद्यानाचा दर्जा मिळाला. गाभा आणि भोवतालचा पट्टा मिळून क्षेत्र ११६५ चौरस किलोमीटरच्या वर जातं आणि ते सातारा, सांगली, कोल्हापूर, रत्नागिरी अशा चार जिल्ह्यांत पसरलं आहे. २०१२ मध्ये युनेस्कोनं पश्चिम घाटाला जागतिक वारसा ठरवलं तेव्हा कास, कोयना, चांदोली आणि राधानगरी अशी चार नावं महाराष्ट्राच्या वाट्याला आली. उत्तरेला शिवसागर आणि दक्षिणेला वसंतसागर हे जलाशय, मधे अंजनी-जांभूळ-पिशाचं सदाहरित रान, वर जांभ्याचे सडे.

नकाशावर या प्रकल्पाची हद्द ठळक रेघेनं काढलेली असते. वटवाघळांच्या दृष्टीनं तिला काही अर्थ नाही. पाटण, जावळी, शिराळा या तालुक्यांतल्या गावांच्या देवळांत, विहिरींत, वडांवर दिवस काढणारी वटवाघळं रात्री रानात चरतात आणि रानाच्या कपारीतली वटवाघळं रात्री उसाच्या फडांवर उतरतात. एका रात्रीत कित्येक किलोमीटर जाऊन परत येणं मोठ्या फळवाघळाला मुळीच जड नाही. म्हणजे संरक्षित जंगलाच्या वटवाघळांचा फार मोठा हिस्सा दिवसभर संरक्षणाबाहेर, आपल्या वस्तीत लटकलेला असतो. या विषयाची अडचण इथेच आहे आणि आशाही इथेच आहे.

याचं एक कारण आपल्या दगडात आहे. वटवाघळांच्या लाखालाखांच्या वसाहती जगात जिथे आढळतात तिथे बहुतेक वेळा चुनखडी असते. चुनखडी पाण्यात विरघळते आणि मैलोन् मैल लांबीच्या गुहा तयार होतात. आपला सह्याद्री काळ्या पाषाणाचा, लाव्हाच्या थरांचा. तो विरघळत नाही. त्यात आपोआप घडलेल्या खोल गुहा थोड्या. माथ्यावरच्या जांभ्याखाली पाणी मुरून झालेल्या पोकळ्या, कड्यांच्या कपारी, दोन थरांमधली मऊ माती झिजून पडलेल्या खोबणी, एवढाच निसर्गाचा पुरवठा. बाकीची पोकळी माणसानं कोरून दिली. कराडजवळ आगाशिवच्या डोंगरात साठाहून अधिक लेणी आहेत. दोन हजार वर्षांपूर्वी भिक्षूंनी वर्षावासासाठी त्या खोल्या कोरल्या. एक तोंड, आत काळोख, उन्हाळ्यात गार आणि पावसाळ्यात उबदार हवा: भिक्षूला जे हवं होतं तेच वटवाघळालाही हवं असतं. वाईजवळची लोहाऱ्याची लेणी, साताऱ्याजवळचं पाटेश्वर, मिरजेकडच्या दंडोबाच्या डोंगरातलं कोरीव देऊळ, किल्ल्यांवरची भुयारं, कोठारं आणि खांबटाकी, पायऱ्यांच्या विहिरी, वाड्यांची तळघरं, गेल्या शतकात धरणांच्या आणि वीजप्रकल्पांच्या कामासाठी पोखरून मग सोडून दिलेले बोगदे. माणसानं आपल्या कामासाठी केलेलं हे सगळं कोरीव काम म्हणजे या मुलखातला गुहांचा मोठा साठा. सह्याद्रीतल्या गुहावासी वटवाघळांचा इतिहास माणसाच्या इतिहासाहून वेगळा काढताच येत नाही, असं मी ठामपणे म्हणेन.

काळोख आणि शांतता एवढ्यानंच वटवाघळाचं भागत नाही. त्याच्या पंखाचा पडदा उघडा, केसाविना, पातळ कातडीचा असतो आणि त्यातून शरीरातलं पाणी सतत उडत राहतं. म्हणून हवेत ओल लागते आणि उष्णता दिवसभर स्थिर लागते. भुयाराला दुसऱ्या बाजूनं तोंड पाडलं की वारा वाहू लागतो, ओल जाते आणि वसाहत उठते. लेण्याच्या तोंडाला पोलादी दार लावलं की उडण्याची वाट बंद होते. गाभाऱ्यात रात्रंदिवस दिवा पेटता ठेवला की अंधार संपतो. यात वटवाघळांना हाकलण्याचा हेतू कुणाचाच नसतो, तरी ती जातात.

कोण कुठे राहतं हे थोडक्यात सांगतो. तपशील पुढे आहेच. भारतात वटवाघळांच्या सव्वाशेहून अधिक जाती आहेत आणि जगात चौदाशेच्या वर. आपल्या भागात झाडावर उघड्यावर लटकणारं मोठं वटवाघूळ म्हणजे टेरोपस. पंख पसरले तर चार फुटांहून रुंद, वजन किलोभराचं, वडापिंपळांच्या शेंड्यांवर दिवसा कलकलाट करणारं. गावात ज्याला सरळ वाघूळ म्हणतात ते हेच. त्याहून लहान सायनोप्टेरस हे आखूड नाकाचं फळवाघूळ ताडाच्या झावळ्यांत, अशोकाच्या दाट पानांत, वेलींच्या जाळीत चार-सहांच्या घोळक्यानं राहतं. त्यातला नर पानांच्या शिरा आणि डहाळ्या कुरतडून स्वतःसाठी छत तयार करतो. तिसरं रूसेटस. हे फळ खाणारं असूनही गुहेत राहतं. आपल्याकडच्या फळवाघळांत गडद काळोखात वाट काढण्याची सोय याच्याचपाशी आहे: ते जिभेनं टकटक आवाज करतं आणि प्रतिध्वनीवरून भिंत ओळखतं.

कीटक खाणाऱ्यांचं जग याहून मोठं आणि अवघड. लोक त्यांना पाकोळ्या म्हणतात आणि सगळ्यांना एकच समजतात. नाकावर घोड्याच्या नालेसारखी कातडीची घडी असलेली नालनाकी वटवाघळं दाट रानाजवळच्या ओल्या कपारींत असतात. पानासारख्या नाकाची हिप्पोसिडेरॉस भुयारांत आणि जुन्या देवळांत. टॅफोझस कड्याच्या भेगेत किंवा विहिरीच्या चिऱ्यांत उजेडाच्या जवळच पोट टेकून बसतं आणि चाहूल लागताच खेकड्यासारखं आडवं सरकतं. मेगाडर्मा लायरा हे मोठ्या, एकमेकांना जोडलेल्या कानांचं वटवाघूळ पडक्या देवळांत आणि विहिरींत राहतं आणि बेडूक, उंदीर, चिमण्या, कधी दुसरी लहान वटवाघळंसुद्धा खातं. त्याच्या मुक्कामाखाली पडलेले बेडकांचे पाय आणि टोळांचे पंख पाहून त्याची ओळख पटते. त्याचाच भाऊबंद मेगाडर्मा स्पाझ्मा रान सोडून फारसा बाहेर येत नाही. केरिव्हौला पिक्टा हे नारिंगी-काळ्या रंगाचं, पश्चिम घाटात तुरळक दिसणारं चिमुकलं वटवाघूळ केळीच्या वाळक्या, गुंडाळलेल्या पानात झोपतं. वाळकी पानं छाटणाऱ्या शेतकऱ्याच्या हातूनच ते आधी दिसण्याचा संभव जास्त.

सातारा-सांगलीचं वैशिष्ट्य असं की इतकी विविधता दीडशे-पावणेदोनशे किलोमीटरच्या आडव्या पट्ट्यात मावते. महाबळेश्वरला वर्षाला साडेपाच हजार मिलीमीटरांच्या वर पाऊस पडतो आणि माण, खटाव, आटपाडी, जत या पूर्वेच्या तालुक्यांत पाचशेच्या आसपास. ओल्या रानातली नालनाकी वटवाघळं एका टोकाला. दुसऱ्या टोकाचा उघडा, कोरडा माळ ज्यांना मानवतो त्यांत उंदरासारखी लांब शेपटी असलेलं ऱ्हायनोपोमा येतं. कीटक मुबलक असताना ते ओटीपोटाशी चरबी साठवतं आणि टंचाईचे महिने तिच्यावर काढतं. फक्त घाटाकडेचं रान पाहून या दोन जिल्ह्यांच्या वटवाघळांची यादी केली तर ती अर्धीच राहील. दुष्काळी पट्ट्यातल्या ओसाड गढ्या आणि सागरेश्वरच्या जुन्या देवळांचा समूह, ही ठिकाणंही त्या यादीत कोयनेइतकीच मोलाची आहेत.

या विषयाच्या अभ्यासाचा एक मोठा धडा सातारा जिल्ह्यातच घडला आहे. १९६० च्या सुमारास आंद्रे ब्रॉसे हे फ्रेंच प्राणिशास्त्रज्ञ मध्य आणि पश्चिम भारतात लेणी, किल्ले आणि गुहा हिंडत होते. १९६२-६३ मध्ये बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीच्या जर्नलमध्ये त्यांची लेखमाला आली. आजही या भागातल्या वटवाघळांवर लिहिणाऱ्याला तिच्यापासूनच सुरुवात करावी लागते. वेरूळ, अजिंठा, कान्हेरी यांच्याबरोबर त्यांनी महाबळेश्वरची गुहा पाहिली, जिला पर्यटक रॉबर्स केव्ह म्हणून ओळखतात. तिथे मिनिऑप्टेरसची मोठी वसाहत होती. हे लांब अरुंद पंखांचं, वेगानं उडणारं वटवाघूळ. ब्रॉसे यांच्या अभ्यासात ही गुहा त्या जातीच्या विणीची महत्त्वाची जागा म्हणून पुढे आली. या कुळाची एक रीत मला फार विलक्षण वाटते: माद्या आपली उघडी, गुलाबी पिलं एकाच ठिकाणी दाटीनं लावून ठेवतात आणि चरून आल्यावर शेकडो पिलांतून आपलं पिलू शोधून त्याला पाजतात. ही दाटी उबेसाठी असते. एखादी दुसरी गुहा तेवढी उबदार, तेवढी ओली आणि तेवढी निवांत असेलच असं नाही. वर्षभर दूर दूर पांगलेली वसाहत विणीपुरती एका छताखाली येते, तेव्हा त्या छताचं रक्षण म्हणजे सगळ्या मुलखातल्या त्या जातीचं रक्षण.

महाराष्ट्राच्या वाट्याला या शास्त्रातलं आणखी एक मोठं काम आलं आहे. नागपूरच्या विज्ञान संस्थेत डॉ. ए. गोपालकृष्ण आणि त्यांच्या विद्यार्थ्यांनी वटवाघळांच्या प्रजननाचा अनेक वर्षं अभ्यास केला. बहुतेक जातींत मादीला वर्षाला एकच पिलू होतं. एवढ्याशा देहाच्या प्राण्यात हे प्रमाण फार कमी; त्याची भरपाई लांब आयुष्यानं होते, काही वटवाघळं वीस वर्षांहून जास्त जगतात. उंदराची एक पिढी मारली तर सहा महिन्यांत दुसरी उभी राहते. वटवाघळांची एक वसाहत जाळली किंवा बुजवली तर ती भरून यायला माणसाचं अर्धं आयुष्य जाईल.

त्याच अभ्यासातून कळलेली एक गोष्ट आपल्या देवस्थानांच्या विश्वस्तांनी ऐकण्यासारखी आहे. रूसेटसची वीण वर्षातून दोनदा होते: एकदा मार्चमध्ये आणि दुसऱ्यांदा जुलै-ऑगस्टमध्ये. आता पंचांग उघडावं. महाशिवरात्र फेब्रुवारी-मार्चमध्ये, श्रावणी सोमवार जुलै-ऑगस्टमध्ये. कपारीतल्या, लेण्यांतल्या, किल्ल्यांवरच्या महादेवांना गर्दी होते ती नेमकी याच दोन वेळी. धूप, ध्वनिक्षेपक, फटाके, झगझगीत दिवे आणि त्याच वेळी मागच्या अंधाऱ्या खोलीत पोटाला पिलू धरलेल्या माद्या. घाबरून उडालेल्या मादीच्या अंगावरचं पिलू खाली पडलं तर ते बहुधा मरतंच. यात्रा बंद करा असं कुणी म्हणत नाही, मीही म्हणणार नाही. गाभारा भक्तांचा आणि मागचं भुयार त्या दिवसांत बंद, एवढी वाटणी करायला कुणाच्या श्रद्धेला धक्का लागत नाही. अनेक गावांनी देवाच्या वडावरची वाघळं देवाचीच मानून पिढ्यानपिढ्या राखली आहेत. तोच न्याय भुयाराला लावायचा.

महाबळेश्वरचं नाव २०२१ मध्ये वेगळ्याच कारणानं वर्तमानपत्रांत आलं. पुण्याच्या राष्ट्रीय विषाणू विज्ञान संस्थेच्या शास्त्रज्ञांनी मार्च २०२० मध्ये तिथल्या एका गुहेतून वटवाघळांचे नमुने घेतले होते, आणि त्यांतल्या काही रूसेटसमध्ये निपाह विषाणूच्या खुणा सापडल्या. महाराष्ट्रात अशी नोंद पहिलीच. करोनाच्या साथीनं आधीच धास्तावलेल्या लोकांपर्यंत ही बातमी पोचली आणि वटवाघळांच्या झाडांकडे, गुहांकडे बोटं वळली. भीती खोटी नव्हती. निपाह हा गंभीर आजार आहे: १९९८-९९ मध्ये मलेशियात, २००१ मध्ये सिलिगुडीत, २०१८ मध्ये केरळात त्यानं बळी घेतले. बांगलादेशात उघड्या मडक्यात गोळा केलेल्या खजुरीच्या कच्च्या रसातून तो माणसांत आला. म्हणून चावलेलं, पोखरलेलं फळ खाऊ नये, गुहेतल्या विष्ठेत हात घालू नये, मेलेलं वा जखमी वटवाघूळ उघड्या हातानं उचलू नये. हे नियम साधे आहेत आणि ते पाळायलाच हवेत.

पण त्या भीतीतून झाड तोडणं किंवा गुहेत धूर करणं म्हणजे धोका वाढवणं. ऑस्ट्रेलियात हेंड्रा नावाचा निपाहच्याच कुळातला विषाणू वटवाघळांतून घोड्यांत आणि घोड्यांतून माणसांत जातो. त्यावरचा, पंचवीस वर्षांच्या माहितीवर आधारलेला अभ्यास २०२२ मध्ये प्रसिद्ध झाला. रानातली हिवाळी फुलं कमी पडली, वटवाघळं उपाशी झाली, मोठे थवे फुटून लहान लहान टोळ्या शेतवाड्यांत शिरल्या आणि त्याच वर्षांत विषाणू जास्त वेळा बाहेर पडला. रानात फुलं मुबलक आली त्या हिवाळ्यांत तसं घडलं नाही. आपल्याकडच्या परिस्थितीला हा निष्कर्ष जसाच्या तसा लावता येणार नाही हे मान्य. तरी दिशा स्पष्ट आहे: उठवलेली, उपाशी, विखुरलेली वटवाघळं आपल्या जास्त जवळ येतात. त्यांना त्यांच्या जागी स्वस्थ राहू देणं हा आरोग्याचाही उपाय आहे.

झाडांवरच्या वाघळांचे प्रश्न आणखी वेगळे. टेरोपसला उंच, पसरलेलं, शक्यतो पाण्याजवळचं झाड लागतं: वड, पिंपळ, चिंच, अर्जुन, कधी निलगिरी. उन्हाळ्यात ती पंखांनी स्वतःला वारा घालतात, नदीच्या पाण्याला पोट लावून जातात आणि मग अंगावरचं पाणी चाटतात. पारा ४२ अंशांच्या पुढे गेला की उत्तर भारतात शेकड्यांनी मेलेली वाघळं झाडाखाली सापडली आहेत. दाट सावलीचं झाड आणि जवळचं पाणी हे त्यांच्यासाठी जगण्यामरण्याचं अंतर. अशी झाडं रस्त्याच्या कडेला असतात, आणि रस्ते रुंद होत आहेत. २०२० मध्ये सांगली जिल्ह्यातल्या भोसे गावचा चारशे वर्षांचा मानला जाणारा वड रत्नागिरी-नागपूर महामार्गाच्या आड आला तेव्हा लोक उभे राहिले आणि रस्त्याची आखणी बदलावी लागली. लोकांनी त्या वेळी सावलीचा, देवाचा, आठवणींचा मुद्दा मांडला. तो बरोबरच होता. अशा झाडाच्या बाजूनं वटवाघळांचा मुद्दाही त्याच जोरानं मांडला जावा, अशी माझी इच्छा आहे.

कारण ही झाडं वाघळांमुळेच पसरतात. वड, उंबर, पायर, नांद्रुक यांची फळं रात्री खाऊन ती मैलभर दूर बिया टाकतात, आणि त्याही उडता उडता, उघड्या जागेवर. पक्षी बहुतेक वेळा बसल्या फांदीवरून बी टाकतो. त्यामुळे झाडाखाली झाड येतं. मोकळ्या माळावर पहिलं झाड आणण्याचं काम वटवाघूळ जास्त करतं. कोयना-चांदोलीच्या दृष्टीनं याला फार मोल आहे. धरणांसाठी आणि नंतर अभयारण्यासाठी इथली अनेक गावं उठली. लोकांनी घरं, देवळं आणि पिढ्यांची शेतं सोडली. त्यांच्या पुनर्वसनाचं दुःख या रानाच्या कोणत्याही कौतुकात विसरून चालणार नाही. त्या पडीक शेतांवर आज रान चढतं आहे, त्यात जांभळाच्या आणि उंबराच्या बिया आणणाऱ्यांत ही रात्रीची पाखरं आहेत. दशमुळांतला टेटू तर सर्वस्वी त्यांच्यावर अवलंबून: त्याची मोठी, मांसल, उग्र वासाची फुलं रात्री उमलतात आणि त्यांचं परागण वटवाघळं करतात. टेटूच्या शेंगा हव्यात तर वटवाघूळ हवंच.

तासगाव, कवठेमहांकाळ, मिरज इथल्या द्राक्ष बागायतदाराला हे सगळं ऐकवताना त्याची बाजूही मान्य केली पाहिजे. सायनोप्टेरस आणि रूसेटस पिकली द्राक्षं खातात. कर्ज काढून उभ्या केलेल्या बागेत घड पोखरलेले दिसले तर राग येणारच. जाळी लावणं हाच त्यावरचा खरा उपाय. ती ताणून लावलेली, जाड धाग्याची, बारीक घरांची असावी, म्हणजे वटवाघूळ अडकून मरत नाही आणि जाळीही फाटत नाही. मात्र त्याच शेतकऱ्याच्या उसाच्या फडावर दुसरी वटवाघळं काम करत असतात. वळवाचा पहिला पाऊस झाला की हुमणीचे भुंगेरे संध्याकाळी जमिनीतून निघतात, कडुनिंब आणि बाभळीवर जमतात आणि अंधार पडता पडता मिलन करतात. त्यासाठीच आपण प्रकाश सापळे लावतो. नेमकी तीच वेळ मोठ्या कीटकभक्षी वटवाघळांच्या शिकारीची, आणि भुंगेरे हे त्यांचं आवडतं खाद्य. अमेरिकेत टेक्सासच्या कापसाच्या पट्ट्यात गुहांमधली मुक्तपुच्छ वटवाघळं घाटेअळीच्या कुळातले पतंग किती खातात आणि त्यामुळे फवारणीचा खर्च किती वाचतो, याचा हिशेब शास्त्रज्ञांनी मांडून दाखवला आहे. वाळवा, पलूस, कराड इथल्या ऊसपट्ट्यासाठी तसा हिशेब मांडण्याजोगं शेत आणि वटवाघूळ, दोन्ही आपल्यापाशी आहेत.

आणि विहिरी. टेंभू, ताकारी, म्हैसाळ या उपसा सिंचन योजनांचं पाणी आलं, कूपनलिका झाल्या, नळ आले आणि चिऱ्यांनी बांधलेल्या जुन्या विहिरी कचऱ्यानं भरू लागल्या. एखादी विहीर बुजवण्यापूर्वी, आतून वटवाघळं बाहेर पडतात का ते पाहायला, संध्याकाळी तिच्या काठावर अर्धा तास बसावं, एवढंच मी गावोगावच्या ग्रामपंचायतींना सांगेन. लिंब गावच्या बारा मोटांच्या विहिरीसारख्या वास्तूला इतिहासाचं संरक्षण आहे. बाकी शेकडो निनावी विहिरींना ते नाही.

शेवटी, या पानांचा उपयोग करून जे विद्यार्थी, शिक्षक, वनरक्षक स्वतः नोंदी करतील त्यांच्यासाठी. मार्च ते ऑगस्ट या काळात मुक्कामाच्या आत जाऊ नये. मोजणी बाहेरूनच करावी. सूर्यास्ताच्या आधी तोंडाजवळ, वाऱ्याच्या खालच्या बाजूला, उडण्याच्या वाटेच्या कडेला बसावं. दिवा लागलाच तर तांबडा. दर पाच मिनिटांना बाहेर पडणाऱ्यांचा आकडा वेगळा लिहावा, पहिलं आणि शेवटचं वटवाघूळ किती वाजता निघालं ते लिहावं. मुक्कामाखालच्या विष्ठेत बिया आहेत की कीटकांची कवचं आणि पंख, हे दिवसा काठीनं, मुखपट्टी बांधून पाहावं. जागेची उंची, तोंडाची दिशा, आतली ओल, जवळचं पाणी, जागा कुणाच्या मालकीची आणि तिथे वर्षात काय काय घडतं (यात्रा, मध काढणं, जनावरं बांधणं, बांधकाम), हे सगळं जातीच्या नावाइतकंच महत्त्वाचं. नाव ओळखता आलं नाही तरी नोंद टाकू नये. कानाचा, नाकाचा फोटो दुरून, झगमगाट न पाडता मिळाला तर ठेवावा. तीच जागा पुढच्या वर्षी त्याच तिथीच्या आसपास, त्याच वेळी, त्याच काठावरून पुन्हा मोजावी.